मदत हवी आहे: स्लीप दिलं की पीसी लटकतो, मग निळी स्क्रीन

नमस्कार मंडळी,

घरून डीटीपीचं (कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं) काम करते. पीसी असेंबल केलेला, विंडोज १०. राउटर खाली हॉलमध्ये आणि मी माडीवर, म्हणून वायफायचं यूएसबी डोंगल लावलंय. गेले तीन आठवडे हा पीसी झोपायलाच तयार नाही.

मध्येच कुकर लावायला उठावं लागतं, बेल वाजते. सोळा पानांचा फॉर्मा अर्धा लागलेला असताना दर वेळी शटडाउन कोण करणार? म्हणून स्लीप. आता स्लीप दिलं की स्क्रीन काळी होते, पण पंखा घुं घुं करत राहतो आणि पॉवरचा दिवा लुकलुकायच्या ऐवजी ढिम्म पेटलेला. माउस हलवा, कीबोर्ड बडवा, काही उपयोग नाही. तसाच सोडला तर थोड्या वेळाने निळी स्क्रीन, 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर', आणि आपला आपण रीस्टार्ट. परवा प्रुफाच्या दुरुस्त्या लावलेली अकरा पानं अशीच गेली. (हो, सेव्ह करायला हवं होतं. घरचे बोलून झालेत, तुम्ही नका बोलू.)

दुकानदाराला दाखवला. त्याने रॅम काढून खोडरबराने घासली, परत लावली आणि म्हणाला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेलाय. २,२०० रुपये देऊन नवा बसवला. त्याच रात्री पुन्हा निळं.

मग मीच खटपट केली. डोंगल उपसून स्लीप दिलं तर शहाण्या बाळासारखा झोपतो. डोंगल लावलेलं, पण डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल केलं, तरी झोपतो. म्हणजे गोम नेटवर्कातच आहे ना? डोंगलच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या' याची टिक काढून पाहिली, फास्ट स्टार्टअप बंद केलं, फरक शून्य. डोंगलचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करायला गेले तर म्हणे सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे.

एक गंमत सांगते. काल घड्याळ समोर ठेवून बसले. स्लीप ९:१४ ला, निळी स्क्रीन ९:१९ ला. पुन्हा केलं, पुन्हा पाचच मिनिटं. बिघडलेली वस्तू इतकी वेळेची पक्की असते का?

नवं डोंगल घेऊ का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
डोंगल फेका, लॅनची केबल ओढा. सुखी व्हाल.

प्रतिसाद २:
माडीवर केबल ओढायची तर भिंत फोडावी लागेल हो. ताई, घाई करू नका. ती पाच मिनिटं फार बोलकी आहेत. स्लीप म्हटल्यावर विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला 'आवरून घे' असा निरोप धाडतं आणि पोच यायची वाट बघतं. एखादा निरोप दाबून बसला, तर ठरावीक मुदत संपल्यावर विंडोज स्वतःच मशीन पाडतं. एसएमपीएसने दगा दिला असता तर निळी स्क्रीन दाखवायचीही उसंत न देता पीसी फटकन बंद झाला असता.

सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात 'मिनिडम्प' आहे का बघा, निळ्या स्क्रीनची नोंद तिथे राहते. त्यातली फाइल ब्लूस्क्रीनव्ह्यू या फुकट टूलमध्ये उघडा आणि कोड, पहिला पॅरामीटर आणि फायलीचं नाव सांगा.

धागाकर्ती:
कोड ९एफ, पॅरामीटर ३, फाइल एनडीआयएस डॉट एसवायएस. हे कुठल्या कंपनीचं?

प्रतिसाद २:
कोणाचंच नाही, विंडोजचंच आहे. सगळ्या नेटवर्क कार्डांची ये-जा त्यातूनच होते, म्हणून नाव त्याचं आलं. त्याच्यात शिरून बसलेला दुसराच कोणीतरी असू शकतो. कधी व्हीपीएन, दुसरा अँटिव्हायरस असं काही टाकलं होतं का? नेटवर्क कनेक्शन्समध्ये वायफायवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. टिकांची यादी दिसेल. क्यूओएस पॅकेट शेड्युलर वगैरे विंडोजचे आहेत, त्यांना हात लावू नका. अनोळखी काय आहे ते सांगा.

धागाकर्ती:
सापडलं! २०२० साली लॉकडाउनमध्ये एका प्रकाशकाच्या सर्व्हरवरून फायली घ्यायला व्हीपीएन टाकलं होतं. ते काम संपलं, सॉफ्टवेअर मागच्याच महिन्यात जागा हवी म्हणून काढलं. पण यादीत त्याच्या नावाचा 'फिल्टर' (नेटवर्कच्या ये-जेत मध्ये बसणारा त्याचा तुकडा) टिकेसकट बसलेला! आधी नुसती टिक काढून स्लीप दिलं, झोपला. मग त्याच खिडकीतून अनइन्स्टॉल केलं. डोंगल तेच, ड्रायव्हर तोच.

चार रात्री झाल्या. दिवा लुकलुकतो, पंखा थांबतो, सकाळी फॉर्मा होता तिथेच उघडा. खूप आभार.

आता एकच. जुना एसएमपीएस दुकानदाराकडेच राहिलाय. मागू, की गेला समजू?

प्रतिसाद २:
मागा. चालू निघेल.