मदत हवी आहे: पॉलिश केलेला अमोनाइट खरा आहे का? आणि त्याला पंचामृत चालेल का?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, शहापुरात राहते. माझ्या मुलाला दगड गोळा करायचा भारी नाद. गोकाकच्या धबधब्याकडचे वाळूखडकाचे तुकडे, आंबोलीच्या वाटेवरचा जांभा, सगळं त्याच्या खणात भरलेलं असतं. म्हणून माझ्या भावानं त्याच्यासाठी बेंगळुरूच्या एका प्रदर्शनातून पॉलिश केलेला अमोनाइट, म्हणजे दगड झालेला प्राचीन समुद्री शंख, आणला. सोबतच्या चिठ्ठीवर 'क्लिओनिसेरास, मादागास्कर', म्हणजे अमोनाइटचा प्रकार आणि ठिकाण, एवढंच आहे.

तळहातावर मावेल एवढा, मधाच्या रंगाचा वेटोळा शंख आहे. उजेडात फिरवला की बाहेरच्या वेढ्यावर हिरवी-तांबडी झाक येते. अंगभर नेच्याच्या पानासारख्या नागमोडी रेषा आहेत. पण तोंडाजवळ बोटाच्या पेराएवढा पिवळट भाग आहे, तिथं या रेषा एकदम तुटतात. भिंगातून बघितलं तर त्या भागात बारीक गोल बुडबुडे दिसतात. बाकी कुठंच नाहीत. मुलगा तेव्हापासून खट्टू आहे. त्याला वाटतंय, मामाला फसवलं.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त नाजूक आहे. सासूबाईंनी हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा शाळिग्रामच की! देव्हाऱ्यात ठेव, एकादशीला पंचामृत घालूया." त्यांच्या माहेरी निपाणीला पिढीजात शाळिग्राम आहे, त्यामुळं त्यांचा जीव लगेच त्यात अडकला. त्यांचं मन मोडायचं नाही आणि मुलाची वस्तूही खराब होऊ द्यायची नाही. दह्यानं याला काही होईल का? आणि शेजारचे काका म्हणतात तसं असे शंख आपल्या खानापूरच्या खाणीत सापडतात का? मुलगा लगेच कुदळ घेऊन निघायच्या तयारीत आहे.

प्रतिसाद: दगडधोंडे

ताई, भाच्याला सांगा, मामा फसलेला नाही. त्या नागमोडी रेषा हीच मोठी खूण. शंखाच्या आत पडदे असतात, ते बाहेरच्या कवचाला जिथं चिकटतात तिथं ही रेष उमटते. ती शेवटच्या पडद्यापर्यंत प्रत्येक वेढ्यावर नेटानं येत राहते. नकली मालात रेषा नुसत्या वरवर कोरलेल्या असतात, नाहीतर नसतातच. बुडबुड्यांचा भाग म्हणजे रेझिन, प्लास्टिकसारखं घट्ट होणारं भरण. तोंडाकडचं कवच बहुतेकदा तुटलेलं निघतं, मग विक्रेते ते भरून एकसारखं पॉलिश करतात. तुमच्या वर्णनावरून शंख खरा, फक्त डागडुजी केलेला वाटतो. किंमत मात्र त्या हिशोबानं असायला हवी.

मादागास्करचे हे क्लिओनिसेरास सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे. बेळगाव परिसरातला काळा पाषाण म्हणजे ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा, त्यात समुद्री शंख कुठले? गोकाकचा वाळूखडक उलट इतका जुना की तेव्हा अमोनाइट जन्मालाच आले नव्हते. कुदळ ठेवून द्या. हौस असेल तर मोठेपणी कच्छला किंवा तमिळनाडूत अरियलूरला जावं, तिथल्या जुन्या समुद्राच्या थरांत अमोनाइट मिळतात.

दह्याचं मात्र गंभीरपणे घ्या. असे शंख कॅल्साइट, अरागोनाइट अशा चुन्याच्या खनिजांचे असतात आणि त्यांना आंबट सोसत नाही. दही, लिंबू, चिंच, व्हिनेगर, काहीही लागलं तर आधी चकाकी जाते, मग पृष्ठभाग खरबरीत होतो. ते परत येत नाही. गरम पाणी आणि कडक ऊन रेझिनला वाईट. साध्या पाण्यात पिळलेल्या मऊ सुती कापडानं पुसून लगेच कोरडा करायचा, बस्स.

प्रतिसाद: तुळशीवृंदावन

सासूबाईंना असं सांगून बघा. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा, त्याच्या पोटातलं चक्र म्हणजे अमोनाइटचाच ठसा. म्हणजे त्यांनी ओळखलं ते अगदी खरं, नातं आहेच. पण गंडकीचा नसल्यानं पूजेतला शाळिग्राम हा नव्हे. आमच्याकडं चिकोडीला असाच प्रश्न आला, तेव्हा आजींनी पंचामृत माहेरच्या शाळिग्रामाला ठेवलं आणि नव्याला नुसतं तुळशीचं पान वाहिलं.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रेझिनचं ऐकून मुलगा खुलला, आता पडदे मोजत बसलाय. सासूबाईंना गंडकीचं सांगितलं तर म्हणाल्या, "तुळस तर तुळस, पण एकादशीला माझ्यासमोर ठेवायचा." तेवढं ठरलं. पुसलेलं फुलपात्र ठेवतो तिथंच, चंदन न लावता ठेवीन.

एक राहिलं: तोंडाजवळचा रेझिनचा भाग पुढं आणखी पिवळा पडू नये म्हणून काचेच्या कपाटात ठेवला तर पुरे, की खिडकीपासूनही लांब हवा? आमचं कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे.