वेळासला मार्चमध्ये गेलं तर कासवाची पिल्लं नक्की दिसतात का?

रानजाई:
नमस्कार मंडळी, पुण्याहून मी, नवरा, ८ वर्षांची लेक आणि सासूबाई असे चौघं एका शनिवार-रविवारी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जायचं म्हणतोय, लेकीने शाळेत ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं ऐकलंय तेव्हापासून दुसरा विषय नाही घरात. पिल्लं नक्की दिसतात ना? सासूबाईंचे गुडघे दुखतात, चालावं किती लागतं?

खाडीकाठ:
नक्की कोणीच सांगू शकत नाही ताई. मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालून जाते, ती कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून कासवमित्र (गावातले स्वयंसेवक) हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, हलवतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात, थंडी असली की उशीर. त्यामुळे ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आधी फोन करून विचारा घरटं कधी फुटेल ते, आणि दोन रात्री ठेवाच. आमच्या वेळी शनिवारी संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली नुसती वाळू, बरेच जण रात्रीच परत निघाले. रविवारी सकाळी त्याच टोपलीखाली २३ पिल्लं!! तळहातात मावतील एवढी, काळपट, दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे चिडीचूप. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे आणून उलटं टाकलं, तिसऱ्या लाटेत गेलं ते गेलंच. माझा मुलगा रडत होता आनंदाने.

बाणकोटकर:
रस्त्याचं सांगतो. ताम्हिणी-माणगाव करून हरिहरेश्वर गाठा, बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घाला, सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, पुढे बाणकोटवरून वेळास. गावातून किनारा थोडा लांब पडतो आणि शेवटी सुरूबनातून वाळूतच जायचंय, आजींना काठी द्या, घरून लवकर निघा. फ्लॅश आणि टॉर्च अजिबात नको, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकते. हॉटेल शोधू नका, गावात घरीच राहायचं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे काम उभं केलं, त्याआधी हीच अंडी खाल्ली-विकली जायची, आता त्याच गावात कासवावर चार घरं चालतात, तो पैसा गावातच राहू दे.

रानजाई:
खूप आभार दोघांचे. शुक्रवारची रजा टाकते म्हणजे दोन रात्री मिळतील. लेक विचारतेय, उचलून पाण्यात ठेवता येतं का?

खाडीकाठ:
नाही, हात लावायचा नाही, तिला सांगा स्वतः चालत जातात तेच बघायला जायचंय.