कणेरीचे ग्रामजीवन संग्रहालय: पुतळ्यांपलीकडे

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात ‘पुतळ्यांशिवाय काही नाही’ अशी तक्रार कुणी कुणी करतात, तिला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते. तेथील माणसे, बैल, घरे सिमेंटची आहेत हे खरे. परंतु बैलांकरवी विहिरीचे पाणी उपसणाऱ्या मोटेच्या देखाव्यासमोर जरा वेळ थांबून पाहिल्यास पुतळ्यांतूनही एक यंत्र उलगडत जाते. चामड्याच्या मोटेला, म्हणजे पाण्याच्या मोठ्या पिशवीला, खाली लांब सोंड असते. मोट वर येताना सोंडेचे तोंड बारीक दोराने वरच्या बाजूस ओढून धरलेले राहते, आणि बैल धावेच्या, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेच्या, शेवटापर्यंत उतरले की तेच तोंड थारोळ्यावर, म्हणजे काठावरच्या कुंडीवर, येऊन पाणी आपोआप ओतले जाते. मोट रिकामी करायला विहिरीच्या काठावर वेगळा माणूस लागत नसे, हे मुलांना तेथे अवश्य दाखवावे.

माझा आक्षेप निराळा आहे. बारा बलुतेदारांची कामे तेथे फार प्रसन्न दिसतात, पण खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्यासाठी, म्हणजे कामाच्या मोबदल्यातील धान्याच्या वाट्यासाठी, कोणाला किती ताटकळावे लागे आणि कोणाची वस्ती गावाबाहेर असे, हे त्या प्रसन्नतेत हरवते. महार वतनातील, म्हणजे महारांकडे वंशपरंपरेने असलेल्या गावकामातील, वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही बाजूही त्यांना तेथेच, त्या देखाव्यांसमोर उभे राहून सांगावी. प्रत्यक्ष वापरातल्या वस्तू पाहायच्या असतील, तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय त्याला जोडून पाहावे.