सार्वमत, जनमत आणि ‘लोकनियुक्त’ राष्ट्राध्यक्ष

(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून दिली आहेत.)

अमळनेर : राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडावा का, यावर पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हा देशात ५ सप्टेंबर २०१० ला झालेल्या मतदानाला जनमत म्हणावं, जनमत चाचणी की सार्वमत? आणि ‘लोकनियुक्त राष्ट्राध्यक्षासाठी’ असं लिहिलं तर चालेल?

धुळे : सार्वमतच. जनमत मतपेटीशिवायही असतं. चाचणी हजार-दोन हजार लोकांना विचारूनही होते, पण तिने राज्यघटना बदलत नाही. सार्वमतात यादीतल्या प्रत्येक मतदाराला एकच प्रश्न, हो की नाही. जुनागढला १९४८ मध्ये झालं ते सार्वमत. गोव्याच्या १९६७ च्या मतदानाला ‘जनमत कौल’ नाव चिकटलं, ते तिथलं विशेषनाम समजा. सार्वमत म्हणजे एकमत नव्हे, ही चूक फार होते. सार्वमत ‘घेतात’, प्रश्न सार्वमताला ‘टाकतात’. अहिराणीत सरळ ‘गावले इचारा’.

शहादा : ‘लोकनियुक्त सरपंच’ पाट्यांवर रूढ झालंय, तिथे राहू द्या. पण नियुक्ती आदेशाने होते, निवड मताने. शिवाय खरा मुद्दा ‘थेट’चा आहे. फ्रान्समध्ये २८ ऑक्टोबर १९६२ च्या सार्वमताआधी राष्ट्राध्यक्ष सुमारे ८० हजार लोकप्रतिनिधींचं मंडळ निवडायचं. तेही लोकांचेच प्रतिनिधी! म्हणून ‘थेट जनतेतून निवडलेला’ लिहा. राष्ट्रपती हा शब्द भारतापुरता ठेवलेला बरा.

अमळनेर : ‘मोल्दोव्हाच्या जनतेने प्रस्ताव फेटाळला’ हे वाक्य?

चोपडा : साफ चूक. हो म्हणणारे ८७ टक्के होते. मतदान मात्र ३० टक्केच झालं आणि वैध ठरायला एक तृतीयांश मतदार यायला हवे होते. कम्युनिस्ट पक्षाने बहिष्कार पुकारला होता. अशी अट असली की ‘नाही’ म्हणण्यापेक्षा घरी बसणं जास्त भारी पडतं.

याला ‘गणपूर्तीअभावी’ही म्हणू नका. गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही. सार्वमत तहकूब होत नाही, ते अवैध ठरतं. ‘किमान मतदानाची अट’ हाच शब्द नेमका.

दुसरी अट याहून कडक असते. लिथुआनियात मे १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपद पुन्हा आणण्याच्या बाजूने झालेल्या मतांपैकी सुमारे ६९ टक्के मतं पडली, पण निम्म्याहून जास्त *नोंदणीकृत* मतदारांचा होकार हवा होता. तो भरला सुमारे ४१ टक्के. आपल्याकडची आडवी बाटली आठवा, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायच्या मतदानातलं ‘बंद’च्या बाजूचं चिन्ह. गावात १,००० महिला मतदार, मतदानाला ६००, आडव्या बाटलीला ४८०. म्हणजे झालेल्या मतांपैकी ८० टक्के, तरी दुकान चालू राहतं, कारण ५०० च्या वर मतं लागतात. म्हणून टक्के लिहिताना ‘झालेल्या मतांपैकी’ की ‘एकूण मतदारांपैकी’ हे दर वेळी लिहायलाच हवं.

अमळनेर : मग असं करतो: ‘राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडावा का, यावर मोल्दोव्हात घेतलेलं सार्वमत किमान मतदानाची अट पूर्ण न झाल्याने अवैध ठरलं.’

चोपडा : ‘झालेल्या मतांपैकी ८७ टक्के बाजूने असूनही’ हे मध्ये घाला.