चित्रे काढावीशी वाटतात, पण धीर होत नाही

प्रश्न: सोलापुरात चादरींच्या जॅकार्ड मागासाठी ग्राफ कागदावर नक्षी काढण्याचे काम मी करतो, स्वतःची चित्रे काढू लागलो की मात्र ‘आपण कलावंत थोडेच?’ या शंकेने हात थांबतो. काय करावे?

उत्तर १: आपल्याच सोलापूरचे शाहीर राम जोशी यांना तमाशाच्या ओढीमुळे थोरल्या भावाने घराबाहेर काढले होते, तरीही पंढरपुरात संस्कृतचे अध्ययन केल्यावर ते पुन्हा लावणीकडेच वळले. मला हे फार मोठे धाडस वाटते.

उत्तर २: दादा, ग्राफवरचा एक चौकोन चुकला तरी विणीत दोष उमटतो, त्यामुळे तुमच्या हाताला अचूकतेची सवय आहे आणि माझ्या मते शंकेचे मूळही तिथेच असावे. कामानंतर रोज एक चित्र खोडरबर न वापरता पूर्ण करा. ते कोणालाही दाखवू नका.

उत्तर ३: सहमत. महिन्याभराने त्यांतले एखादे मोठ्या कागदावर रंगवावे.