मदत हवी आहे: पॅप स्मिअरमध्ये ‘एस्कस’, एचपीव्ही पॉझिटिव्ह

नमस्कार मैत्रिणींनो,
वय ३८. त्रास काहीच नव्हता, नेहमीची तपासणी म्हणून पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) केली. रिपोर्टवर ‘एस्कस’ आणि खाली हाय रिस्क एचपीव्ही (लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू, याच्या काही प्रकारांनी कॅन्सर होऊ शकतो) पॉझिटिव्ह. वाचून हातपायच गळाले.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: एस्कस म्हणजे कॅन्सर नव्हे, गर्भाशयमुखाच्या पेशी थोड्या वेगळ्या दिसतात पण कशामुळे ते नक्की सांगता येत नाही. माझ्या एचपीव्हीचा प्रकार १६ किंवा १८ नाही. (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात, म्हणून ते वेगळे तपासतात.) बहुतेकींचा संसर्ग शरीर दोनेक वर्षांत आपणच परतवतं. तरी कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बघतात ती तपासणी) करून घ्या म्हणाले, गरज वाटली तर तिथेच छोटा तुकडा बायोप्सीला घेतील.

ज्यांनी कॉल्पोस्कोपी केलीय त्यांनी खरंखरं सांगा, कितपत दुखतं? दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं का? बायोप्सीनंतर रक्तस्राव किती दिवस राहिला?

दुसरं जरा अवघड आहे. घरी कळल्यावर पहिला प्रश्न आला, ‘हे आलं कुठून?’ हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, त्यामुळे कधी आणि कोणाकडून ते कळतच नाही, हे मला पटलंय. नवऱ्याला कसं पटवू? तुम्ही हा विषय कसा काढलात?

आणि आता एचपीव्हीची लस घेऊन उपयोग आहे का? असलेला संसर्ग तिने जात नाही एवढं माहीत आहे, पण बाकीच्या प्रकारांसाठी या वयात कोणी घेतली का?

कृपया काढे सुचवू नका.