मदत हवी आहे: सरकारने आरोग्यसेवा "पुरवायची" म्हणजे नेमकं काय करायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटात पुढच्या आठवड्यात वादविवाद आहे. विषय: वैद्यकीय सेवा सरकारने पुरवावी का? मला "पुरवावी" ही बाजू मिळाली आहे. टिपणं काढायला बसले आणि विषयातल्या शेवटच्या क्रियापदालाच अडले.

आधी वाटलं होतं, एकीकडे सरकारी, दुसरीकडे खाजगी, संपला विषय. ब्रिटनचं उदाहरण घेतलं. जुलै १९४८ मध्ये एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) सुरू झाली आणि बहुतेक सगळी रुग्णालयं सरकारच्या ताब्यात आली. पण तिथले जीपी, म्हणजे पेशंट आधी ज्यांच्याकडे जातो ते डॉक्टर, सरकारी नोकर झालेच नाहीत. ते कंत्राटावर स्वतंत्र राहिले. जर्मनीत १८८३ च्या कायद्याने कामगारांना आजारपणाचा विमा सक्तीचा झाला, पण पैसा कामगार आणि मालकांच्या वर्गणीतून यायचा. अमेरिका तर मी विरोधकांसाठी सोडून दिली होती. तिथे माजी सैनिकांसाठी चक्क सरकारी मालकीची रुग्णालयं आहेत आणि डॉक्टर पगारी! (हे वाचून वही मिटली आणि चहा केला.)

म्हणजे पैसे भरणं, दवाखाना चालवणं आणि नियम घालून देणं ही तीन वेगळी कामं दिसतात. मग मी फक्त "पैसे सरकारने भरावेत" एवढंच मांडलं तर ती पळवाट ठरेल का?

अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांचा वैद्यकीय सेवेच्या बाजारावरचा १९६३ चा लेख हाताशी आहे. आजार कधी येईल ते माहीत नसतं, आणि आल्यावर काय विकत घ्यायचं हे विकणाराच सांगतो, म्हणून हा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही, असं मला त्यातून समजलं. पण यातून विम्याची आणि नियमांची गरज दिसते, सरकारी मालकीची नाही. की माझं वाचन कमी पडतंय?

आणि सरकारी सेवेत उपचारांसाठी लागणाऱ्या रांगांचं काय उत्तर देऊ? तो मुद्दा येणार म्हणजे येणारच. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १
रांगांचं खापर मालकीवर फोडू देऊ नका. कॅनडात बहुतेक डॉक्टर स्वतःचाच व्यवसाय करतात आणि बिल प्रांताच्या सरकारकडे जातं. तरी तिथे ठरवून करायच्या शस्त्रक्रियांना बराच काळ थांबावं लागतं. जर्मनीत लोकसंख्येच्या मानाने खाटा कितीतरी जास्त, तिथे ही तक्रार कमी. खाटा आणि माणसं किती, हे आधी विचारा. रांगेत पैसेवाला पुढे जात नसेल तर सगळ्यांनाच वेळ मोजावा लागतो, हे मात्र कबूल करून टाका. लपवलंत तर तिथेच पकडतील.

अवांतर: कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १९६२ मध्ये ही योजना आली तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. तडजोड झाली, डॉक्टर पगारी नोकर झाले नाहीत, फक्त बिल भरणारा बदलला. तुमच्या "तीन कामां"साठी याहून चांगला दाखला मिळायचा नाही.

प्रतिसाद २
मी तुमच्या विरुद्ध बाजूला असतो तर एवढंच विचारलं असतं: विम्याचं कार्ड आहे, पण जवळ डॉक्टरच नाही, तर ते कार्ड घेऊन जायचं कुठे? जिथे पेशंट थोडे आणि विखुरलेले, तिथे दवाखाना टाकणं कुणालाच परवडत नाही. "फक्त पैसे भरा" ही भूमिका तिथे कोसळते. मालकीची बाजू मांडायची असेल तर तिची सुरुवात इथून करा, मोठ्या शहरातल्या रुग्णालयापासून नको.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! दुसरा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आता मांडणी उलटी करते: आधी जिथे कुणी जात नाही ती जागा, मग पैसे, नियम शेवटी. फक्त एक शंका राहिली. अशा ठिकाणी सरकारने स्वतः दवाखाना काढण्याऐवजी खाजगी डॉक्टरला तिथे बसण्याचे जादा पैसे दिले, तर त्याला "पुरवणं" म्हणायचं की "विकत घेणं"? विरोधक याच फटीतून शिरतील असं वाटतंय.